दत्तूचं अपील

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगता येईल.

२००५ साली मी इंग्लंडात मिल्टन कीन्सला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. करमाळ्याच्या शाळेतल्या बाईंनी घरी बसवून इंग्रजी शिकवलं नसतं तर... असो. आपणही कुणाच्या उपयोगी पडावं, म्हणून अधूनमधून रजा काढून एका वकीलबाईंसाठी दुभाष्याचं काम करायचो.

दत्तू त्यांचा एक अशील, स्वयंपाकी होता. खोट्या कागदांवर नोकरी केली म्हणून शिक्षा झाली, ती भोगूनही संपली. तरी हद्दपारीसाठी त्याला तुरुंगातच ठेवलेलं. ही कैद बेकायदा आहे, सोडा, असा हेबियस कॉर्पसचा अर्ज वकीलबाईंनी कोर्टात केला होता. तो फेटाळला गेला. वरच्या कोर्टात अपील करायचं, तर मुदत थोडी. इकडे लंडनमध्ये ईलिंगला त्याची बायको आणि लहान मुलगी वाट बघत होत्या.

तुरुंगातल्या भेटीत बाईंनी विचारलं, अपील करायचं का? मी ते मराठीत सांगितलं. दत्तू त्यांच्याकडे बघेचना. माझ्याकडे वळला.

"सर, मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही शिकलेले, आपल्याकडचे. तुम्ही म्हणाल तसं."

आपल्याकडे असंच असतं ना? दवाखान्यात, बँकेत — शिकलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं आणि मान डोलवायची. माझे वडीलही हेच करत आले. दत्तू जे बोलला ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगायचं, एवढंच माझं काम होतं.

पण येताना गाडीतच बाई म्हणाल्या होत्या, अपील केलं तर त्याच्या जबानीच्या भाषांतराखाली माझी सही, माझा पत्ता लागेल. माझ्या व्हिसाची मुदतवाढ तेव्हा अडकलेली. अशा खटल्यात माझं नाव — कुणी बघितलं तर? कुणी बघणार नव्हतं. तेही मला तेव्हाच कळत होतं.

मी म्हणालो, "तो नको म्हणतोय. थकलाय."

"शुअर?" बाईंनी थेट त्यालाच विचारलं. दत्तूने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलवली. मग त्यानेही डोलवली — जोरात.

निघताना त्याने विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"बघते म्हणाल्या."

"मग झालंच की! सुटल्यावर मटण आपल्याकडं, सर. वहिनींना घेऊन यायचं."

थोड्याच दिवसांत त्याला विमानात बसवलं. त्याच्या बायकोचा फोन आला. मला वाटलं, रडेल. रडली नाही. मलाच धीर देत होती — "वरच्या कोर्टानंच नाही म्हटल्यावर तुम्ही तरी काय करणार, दादा? तुम्ही लई केलंत आमच्यासाठी."

मी "हो" म्हणालो.

वरच्या कोर्टाने नाही म्हटलंच नव्हतं. कोर्टाला कुणी विचारलंच नव्हतं. नाही म्हणालो होतो तो मी.