घोडीचा पाय

मी घोड्यांची डॉक्टर. तळेगावात राहते आणि आसपासच्या स्टड फार्मवर रेसच्या घोड्यांचे पाय तपासत हिंडते. आमचं गाव पवन मावळात. तिथं माझ्या शिक्षणाची चौकशी कुणी कधी केली नाही. केली ती दादाची घोडी लंगडली तेव्हा.

आमच्याकडे बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते. तिच्या मागे बैल जीव खाऊन येतात. घोडी चांगली तर गाडा चांगला, आणि गाडा चांगला तर मालकाला मान. कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून माझ्या थोरल्या भावाला मान मिळण्याची तेवढी एकच जागा उरली होती.

घोडीच्या पुढच्या पायाची मागची नस, म्हणजे टेंडन, केळ्यासारखी फुगली होती. सोनोग्राफीत नसेच्या मधोमध काळी पोकळी दिसली, म्हणजे आतले धागे तुटले होते. दादा म्हणाला, "डाग देणारा येतोय उद्या. तापलेल्या सळईनं नस आवळती म्हनं."

"डाग द्यायचा नाही," मी म्हणाले.

रेसच्या घोड्यांना आम्ही स्टेम सेल देतो, तर माझ्या घरच्या घोडीला का नको? मी माझ्या वरिष्ठांच्या मागे लागले. ते तयार झाले. तिच्या छातीच्या हाडातला मगज काढला, लॅबमध्ये त्यातल्या पेशी वाढवल्या आणि काही आठवड्यांनी सोनोग्राफीत बघत बघत सुईने त्या पोकळीत सोडल्या. दादाला आणि आबांना, आमच्या वडिलांना, समोर बसवून सांगितलं, "या पेशींमुळे नस नीट भरून यायला मदत होते. पण ते काम सावकाश होतं. वर्षभर हिला पळवायचं नाही. रोज नुसतं चालवायचं, वेग कधी वाढवायचा ते मी सांगेन. आणि एवढं करूनही बरी होईलच, असा शब्द मी देत नाही."

"वरीसभर? मंग चैतातल्या यात्रेचं काय?"

"ही यात्रा सोड, दादा."

आबा म्हणाले, "मी चालवीन तिला. तू नगं काळजी करू."

आणि त्यांनी चालवली. सकाळी घोडीला घेऊन ते धरणाकडच्या रस्त्याला लागत. आयुष्यात मला स्वतःहून फोन न केलेला माणूस आता फोन करून सांगायचा, "आज पाय गार हाय, सूज न्हाई. सरळ चालली." सुट्टीच्या दिवशी मीही जायचे बरोबर. वडिलांशी एवढं बोलणं माझं आधी कधी झालं नव्हतं. एकदा घोडीकडं बघतच ते म्हणाले, "तुला शिकाया धाडली तवा लोक हसली व्हती मला." मला तेवढं पुरलं.

पोकळी भरत होती. यात्रेच्या आधीच्या तपासणीत मी आबांना पडद्यावर दाखवलं, "बघा, धागे आलेत. पण अजून कच्चे आहेत. दिवाळीपर्यंत धीर धरा."

यात्रेच्या दिवशी मी एका स्टड फार्मवर होते. चुलतभावाने मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. घाटात, शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढे आमची घोडी पळत होती, लोक शिट्ट्या मारत होते. शेवटच्या क्षणी ती तीन पायांवर आली आणि चौथा तिने टेकवलाच नाही.

मी पोचले तेव्हा दादाच्या डोक्यात गुलाल होता. मी नसेवर बोटं फिरवली. नस पार तुटली होती.

"दादा, वर्षभर म्हटलं होतं ना मी?"

तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "तुझ्या सुईनंच पाय पोकळ केला तिचा! डाग दिला असता तर आज उबी ऱ्हायली असती."

"व्हय, डागाचीच घोडी टिकती," कुणीतरी म्हणालं. माना डोलल्या. मी आबांकडे पाहिलं. पडद्यावरचे कच्चे धागे त्यांनी स्वतः पाहिले होते. घोडीचा कासरा त्यांच्याच हातात होता. ते जमिनीकडे बघत राहिले.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही थांबवलं का नाही?"

"घोडी टेम्पोत चढंना त्येच्या हातनं," ते म्हणाले. "मीच चढावली. मला वळाखती ना ती. पोरगा हाय माजा, काय करू?"

ते आढेवेढे न घेता बोलले, याचाच मला जास्त राग आला. सगळ्या सकाळी तिच्याबरोबर चालून त्यांनी तिचा विश्वास कमावला होता आणि तो दादाला देऊन टाकला होता.

मी घोडी माझ्याकडे मागितली. ती पुन्हा पळणार नव्हती, पण एका फार्मवर तिला उभं राहण्यापुरती जागा मी ठरवली होती. दादा म्हणाला, "तुला दिली तर लोक म्हनतील, भनीचं खरं व्हतं." त्याने तिला डाग दिला आणि महिन्याभरात कुणा परक्याला विकली. गावात अजून सांगतात, मी सुई टोचून घोडी घालवली. तीच सुई टोचलेला एक रेसचा घोडा त्याच वर्षी पुन्हा मैदानात उतरला. त्याच्या मालकाने लोणावळ्याहून आम्हाला चिक्की पाठवली. मी ती फार्मवरच्या पोरांना वाटून टाकली.

दिवाळीनंतर आबा नवा इंद्रायणी तांदूळ घेऊन तळेगावला आले. चहा पिताना म्हणाले, "तू लोनावळ्याला, खंडाळ्याला जातीस. लोकं फिरवायच्या घोड्यांत आपली घोडी कुटं दिसली का?"

"विकली कुणाला ते तुम्हाला माहीत असेल," मी म्हणाले. "दादाला विचारा."

त्यांनी कप खाली ठेवला आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले नाही.