बापूची मोजणी

दूध सोसायटीच्या ओट्यावर चार म्हातारे बसले की किस्से उकिरड्यासारखे वाढतात. टाकणारे सगळे, उचलणारा कोणी न्हाई! माझ्या वाट्याचे सगळे बापूचे.

*

लहानपणी आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कोळशानं सापशिडी काढायचो. सत्त्याण्णववर मोठा साप. बापू तिथं आला की मोजताना हमखास एक घर गिळायचा आणि सापाच्या पुढं! मी त्याचं मनगट धरायचो.

"नीट मोज बे!"

"बोट घसरलं राव!"

ते बोट मागं कधीच घसरलं न्हाई!

*

एकदा मास्तरांनी वर्गात आमचा सापशिडीचा पट पकडला. बापूला म्हणाले, "पाढे येत न्हाईत, साप बरा चुकवता येतो!"

मी हसलो. मास्तर माझ्याकडं वळले.

"तू कावून हसतो? तुला तर सापबी चुकवता येत न्हाई!"

खरं होतं. चौथीतच माझी शाळा सुटली.

*

सोसायटीचा सेक्रेटरी निवडायचा होता. बापूचं नाव निघालं तसा मी भर सभेत उठलो. "याला मोजायचं काम देऊ नका, घरं गिळतो हा!"

सभा पोट धरून हसली आणि एकमतानं बापूलाच निवडलं!

*

पटावरचा साप निदान दिसतो तरी. दुष्काळ तसा न्हाई. त्या साली विहीर आटली, कडबा संपला. आमची एकच गाय, तांबडी. बायकोनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. बायको म्हणाली, "चारा छावणीत जागा मिळाली तर ठीक, न्हाईतर आष्टीच्या बाजारात न्या." आणि तोंड फिरवलं.

छावणी सोसायटीचीच. परवानगी शंभर जनावरांची, मोजायला दारात बापू! म्हटलं, आता हा सभेचं उट्टं काढणार. मी रांगेत शेवटी. सवयीनं मीही मोजत होतो. तांबडी एकशे एकावी!

बापूनं तिच्या पाठीवर थाप मारली. "शंभर! लावा दार!"

मी तोंड उघडलं. बापूनं डोळे वटारले. "काय बे, बोट घसरलं का माझं?"

"न्हाई."

वैरण वाटताना एक पेंढी कमी पडली. बापूनं स्वतःच्या बैलापुढची उचलून तांबडीपुढं टाकली.

पुढं तांबडी व्याली तेव्हा पहिला खरवस बापूच्या घरी गेला. बायकोनं पाठवला, मी न्हाई!

*

परवा ओट्यावर नातवंडांचा पट मांडला. या पटावरही सत्त्याण्णववर सापच. बापूची सोंगटी त्र्याण्णववर, दान पडलं चार. बापूनं मोजलं आणि सोंगटी ठेवली अठ्ठ्याण्णववर.

सगळे माझ्याकडं बघून ओरडले, "नाना, धरा त्याचं मनगट!"

मी पट बघितला.

"बरोबर मोजलंय त्यानं. आणा इकडं फासा, माझी पाळी हाय."