मीटरच्या खड्ड्यातली वस्ती

पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेणाऱ्या त्या बाईंना सगळे ‘मीटरवाल्या ताई’च म्हणायचे. एकवीस वर्षं त्या दारोदार फिरल्या. जमिनीतल्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण उचकटायचं, काचेवरचा चिखल पुसायचा, आकडा टिपायचा. आत ओल, त्यामुळे बेडूक हमखास. आधी त्यांची बोबडी वळायची. पुढे डोळा सरावला. एकाच्या बोटांना गोल चकत्या, दुसऱ्याच्या पाठीवर पिवळी रेघ, तिसरा हात लावला की टम्म फुगणारा. वहीच्या मागच्या पानांवर त्या चित्रं काढू लागल्या. अकरा तऱ्हा जमल्या. सासूबाई म्हणायच्या, आमच्या सुनेची माणसांपेक्षा बेडकांत ऊठबस जास्त.

एका सकाळी शिंपीकाकांच्या अंगणातलं झाकण उघडलं, तर आत वीतभर लांब, काळसर, चकचकीत काहीतरी वळवळत होतं. सापाचं पिल्लू म्हणून काका काठी घेऊन धावले.

“थांबा काका, खवले कुठे दिसतायत? अंगावर नुसत्या वळ्या आहेत.”

काकांनी काठी खाली केली, पण सोडली नाही. ताईंनी जेवणाचा डबा रिकामा केला, त्यात ओली माती भरली आणि तो जीव कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाईंकडे नेला.

बाईंनी भिंग लावून तो बराच वेळ न्याहाळला. हे देवगांडूळ, त्या म्हणाल्या. साप नाही, गांडूळही नाही, बेडकाचाच बिनपायांचा भाऊबंद. देशात उभयचरांच्या शेकडो जाती, पण या शहरात हा कुणी नोंदवलेला नव्हता. मग त्यांनी ताईंची वही चाळली.

“इतकी वर्षं ही कुणाला दाखवली नाहीत?”

“कुणी विचारलंच नाही, बाई.”

अकरापैकी दोन चित्रं एकाच जातीच्या नर-मादीची निघाली, तेव्हा ताई जरा हिरमुसल्या. देवगांडूळ मात्र त्यांनी त्याच अंगणात, ओल्या मातीत नेऊन सोडलं.

वर्षभराने देशातल्या उभयचरांची नवी यादी पुस्तकरूपाने आली. देवगांडुळाच्या नोंदीखाली ताईंचं नाव होतं. सासूबाईंना आता वाचवत नव्हतं. त्यांनी ते नाव ताईंकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, “आता पहिल्यापासून वाच. बाकीचे कोण कोण आहेत, कळू दे तरी.”

तीन दुपारी ताई वाचत होत्या. झाडावर राहणारे, धबधब्याच्या कातळाला चिकटणारे, नखाएवढे. मध्येच सासूबाईंचा डोळा लागला, तरी त्या थांबल्या नाहीत.