घासून लख्ख केलेली डिस्क

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी खालापूरजवळच्या एका लहान रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. कारखान्यात एकच संगणक होता आणि तो फ्लॉपीवर चालत असे. मुंबईच्या एका दुकानदाराकडे पडदा फुटलेला एक जुना लॅपटॉप आला होता. त्यातली हार्ड डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडावी, असा प्रस्ताव मीच दिला होता. सहा महिन्यांच्या चाचण्यांचे निकाल त्या डिस्कवर चढवून मुख्य कार्यालयाच्या साहेबांना दाखवायचे होते. मुंबईच्या संगणक विभागासाठी त्यांना कारखान्यातून एक माणूस निवडायचा होता. तो माणूस मी असावे, यापलीकडे त्या महिन्यात मला दुसरे काही नको होते.

डिस्क जोडली, नव्याने फॉरमॅट केली, निकाल भरायला घेतले. सकाळी लिहिलेल्या फाइल दुपारी उघडेनात. सगळ्या नव्हे, फक्त काही. हे अधिक त्रासदायक होते. पूर्ण बंद पडलेल्या यंत्राशी निदान वाद तरी घालावा लागत नाही.

मी वहीत कारणे लिहिली: केबल, विजेचा दाब, दमट हवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. केबल बदलली. पाण्याचे पंप बंद असताना डिस्क चालवून पाहिली. रात्रभर ती कपाटात पेटत्या बल्बजवळ ठेवली. तिन्ही कारणांवर काट मारली. आठवडा संपत आला. रोज कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसायचे, पळसदरी स्टेशन गेले की वही उघडायची आणि कालच्याच नोंदी पुन्हा वाचायच्या.

"मॅडम, आजारी कोण आहे?" व्यवस्थापक दारातून विचारत. "डिस्क की तुम्ही?"

अखेर एक गोष्ट ध्यानात आली. चुका डिस्कच्या ठरावीक जागीच होत होत्या. मी दुकानदाराला ट्रंक कॉल लावला. तो लागण्यात दुपार गेली.

"अहो, वरच्या लेबलवर यादी आहे ना," तो म्हणाला. "तबकडीवरचे जे ट्रॅक, म्हणजे लिहायची वर्तुळं, बनतानाच खराब निघतात, त्यांचे आकडे. फॉरमॅट करताना ते टाकायचे, म्हणजे संगणक तिथे लिहीतच नाही. तुम्ही टाकले नाहीत?"

मी डिस्ककडे पाहिले. वरचा पत्रा आरशासारखा चमकत होता.

प्रयोगशाळेची साफसफाई करणाऱ्या मावशी जवळच्याच पाड्यावरून येत. मी त्यांना हाक मारली.

"मावशी, यावर एक कागद होता का?"

"व्हता की. चिकटून बसला व्हता मेला. नुसतं आकडंच आकडं. मी म्हनलं दुकानवाल्यानं किंमत लावलीया."

"आणि तुम्ही तो काढलात?"

"तुमीच म्हनलात ना, जुनं हाय, साफ करून ठेवा, पन पानी लावू नका. पानी नाय लावलं, बाय. तुमच्या बाटलीतलं स्पिरिट घेतलं. लोकाच्या घरचं भांडं आमी घासल्याबिगर चुलीवर चढवत नाय."

त्यांनी सांगितले ते शब्दशः खरे होते. डिस्क आली तेव्हा तिच्यावर काळपट चिकटा होता, आणि ती हातात न घेताच मी हा हुकूम सोडला होता. बाटलीवरचे प्रत्येक लेबल दोनदा वाचायला शिकलेली मी, हे एक वाचले नव्हते.

सोमवारी साहेब येणार होते. मधले दोन दिवस मी यादी नव्याने तयार केली. सहाशेहून अधिक ट्रॅक, आणि तेही आतल्या दोन तबकड्यांच्या चारही बाजूंवर. प्रत्येकावर लिहायचे आणि लिहिलेले परत वाचायचे. खराब जागा आली की प्रोग्राम थांबे. आकडा वहीत टिपून पुढच्या ट्रॅकपासून तो पुन्हा सुरू करायचा. दोनदा वीज गेली. डोळे चुरचुरू लागले, तेव्हा मावशी न सांगता चहा ठेवून गेल्या आणि डिस्कपासून हातभर लांबूनच परतल्या. रविवारी संध्याकाळी यादी पुरी झाली. ते आकडे टाकून डिस्क फॉरमॅट केली, निकाल भरले आणि जाड कागदावर सुवाच्य अक्षरात नवे लेबल लिहून चिकटवले.

सोमवारी सगळ्या फाइल उघडल्या. साहेबांनी संगणकाचे झाकण काढायला लावले.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं, सर."

"आणि मूळ लेबल?"

चहाचा ट्रे घेऊन मावशी दारातच थबकल्या. लेबल दुकानातूनच आले नाही, असे सांगता आले असते. दुकानदार मुंबईत होता, ते खोडून काढायला इथे नव्हता.

"मी डिस्क साफ करायला सांगितली होती. लेबल न वाचता. त्यात ते निघून गेलं."

"मग ही यादी?"

"एकेक ट्रॅक तपासून काढली."

ते बराच वेळ लेबल वाचत राहिले. मग व्यवस्थापकांकडे वळले. "हे काम इथे आणखी कोणाला येतं?"

"कोणालाच नाही, साहेब," व्यवस्थापक अभिमानाने म्हणाले. "या एकट्याच."

मला ती शिफारस वाटली. पंधरवड्याने पत्र आले. मुंबईसाठी गोदाम विभागातल्या एका कारकुनाची निवड झाली होती. माझ्याविषयी एकच ओळ होती: ही डिस्क ज्यांना पूर्णपणे माहीत आहे, त्यांनी कारखान्यातच राहणे हिताचे. व्यवस्थापकांनी ती मोठ्याने वाचली आणि माझे अभिनंदन केले.

"म्हंजे तुमी नाय जायच्या?" मावशी म्हणाल्या. "बरं झालं गं बाय." मग माझा चेहरा पाहून त्या फडक्याने टेबल पुसू लागल्या, संगणकाची बाजू सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक ट्रॅक वाचला जाईना. मी झाकण काढले आणि लेबलवर त्याचा आकडा लिहिला. खाली जागा मीच ठेवलेली होती, भरपूर.