ट्रंपेटमधला बोळा

शाळांच्या बँडमास्तरांसाठी कार्यशाळा भरणार म्हटल्यावर बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सुट्टी बुडणार, चहा पातळ मिळणार आणि वर वाजवायचं कसं ते कोणीतरी शिकवणार. या गोष्टीतले मास्तर मात्र खुशीत होते. गेल्या वर्षी त्यांच्या शाळेच्या बँडने स्पर्धेची ढाल मारली होती. कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या मुलांना सगळ्या मास्तरांसमोर वाजवायला बोलावलं होतं. नमुन्याचा बँड म्हणून.

मास्तर कामचुकार नव्हते, हे आधी सांगून टाकलेलं बरं. शाळेची घंटा व्हायच्या आत ते वाद्यांच्या खोलीत हजर असत. पितळ स्वतः घासत, बटणांना तेल स्वतः घालत, ढोलाची दोरी सैल झाली तर शिपायाला हाक न मारता स्वतः गुडघा लावून ओढत. मुलांची पावलं एका रेषेत पडेपर्यंत मैदानात त्यांच्यासोबत चालत. कामाची चोरी त्यांनी एकाच ठिकाणी केली होती, आणि ती जागा अंगठ्याएवढीसुद्धा नव्हती.

ट्रंपेटची पुढची वाकडी नळी ओढली की बाहेर येते. तिथे आत चिंधीचा बोळा घट्ट बसवायचा, त्याला दोरा बांधून ठेवायचा म्हणजे पुन्हा काढता येतो, आणि नळी परत लावून टाकायची. मग मुलाने कितीही फुंकलं तरी आवाज म्हणून निघत नाही. लांबून बघणाऱ्याला काही कळत नाही. गाल फुगलेले दिसतात, बोटं चालताना दिसतात. स्पर्धेच्या तोंडावर बँडमध्ये तीन मुलं कच्ची होती. मास्तरांनी तिघांच्या ट्रंपेटमध्ये बोळे घातले. ढाल आली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या तिघांत एक मुलगी होती. तिचा लांब सूर मधेच फुटायचा आणि जत्रेतल्या खेळण्यासारखा वाजायचा, म्हणून मुलं तिला पिपाणी म्हणत. बोळा घालताना मास्तर तिला म्हणाले होते, "तू फक्त बोटं बरोबर चालव. आवाजाचं मी बघतो. आणि घरी काही बोलायचं नाही."

"बरं सर," पिपाणी म्हणाली होती.

स्पर्धा झाल्यावर बोळे काढायचे होते. राहून गेले. चाललंय ना, मग चालू दे. या एका वाक्याने जितकी यंत्रं बिघडली तितकी गंजानेही बिघडली नसतील.

कार्यशाळा एका शाळेच्या सभागृहात होती. शिकवायला आलेल्या बाई किडकिडीत होत्या, आवाज घोगरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी भाषण केलं नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांना उठवलं आणि सांगितलं, "आपापलं वाद्य खाली ठेवा. जे आयुष्यात वाजवलं नाही ते उचला. आज तुम्ही पहिलीतली मुलं."

मास्तरांच्या वाट्याला क्लॅरिनेट आलं. फुंकलं तर अशी किंकाळी निघाली की खिडकीतलं कबुतर उडालं. शेजारी दुसऱ्या शाळेचे ढोलमास्तर बसले होते. अंगाने ढोलासारखे, म्हणून हे नाव त्यांना दोन्हीकडून लागू होतं.

"मास्तर, कोणाच्या शेपटीवर पाय दिलात हो?" ते म्हणाले.

आजूबाजूचे खो खो हसले. मास्तरही हसले, पण कान तापले. पुढच्या वेळी त्यांनी क्लॅरिनेट ओठांत नुसतं धरलं, गाल फुगवले आणि बोटं हलवत राहिले. एवढ्या कल्लोळात कोणाला कळतंय?

बाईंना कळलं. त्या येऊन त्यांच्या समोरच्या बुटक्या बाकावर बसल्या.

"तुमचा आवाज कुठे गेला?"

"म्हटलं, बाकीच्यांचं बिघडायला नको."

"बिघडू दे की. त्यासाठीच जमलोय. वाजलंच नाही तर दुरुस्त काय करू मी?"

मग त्या तिथून हलल्याच नाहीत. खालचा ओठ असा आत घ्या, हनुवटी सोडा, पुन्हा. मानेला ताण नको, पुन्हा. चहा आला, बाकीचे उठले, बाई उठल्या नाहीत. पुन्हा. शेवटी एक सूर निघाला, बारीक, पण सरळ. मास्तरांना लहान मुलासारखा आनंद झाला. "निघाला!" ते ओरडले.

"निघणारच. फुंकलात ना," बाई म्हणाल्या आणि गार झालेला चहा घ्यायला गेल्या.

मास्तरांचा आनंद चहाच्या टेबलापर्यंतसुद्धा टिकला नाही. बाई बसल्या तितका वेळ आपण पिपाणीजवळ कधी बसलो? वेळ नव्हता, असं ते वर्षभर मनाशी म्हणत आले होते. वेळ होता. तो पट्ट्यांची बक्कलं एका रांगेत आणण्यात गेला होता. बक्कलं परीक्षकांच्या खुर्च्यांवरून दिसतात. मुलीचा ओठ दिसत नाही.

आणि शेवटच्या दिवशी ही बाई तिच्यासमोर बसणार होती.

संध्याकाळी घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "बँडमध्ये एक मुलगी कच्ची आहे. परवा तिला नेलं नाही तर?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "कच्ची ठेवली कोणी?" तिने विचारलं.

"म्हणजे काय? सगळ्यांनाच जमतं असं नाही."

"मी काही म्हटलं का? विचारलं नुसतं. आणि अहो, तो शर्ट चुरगळताय. द्या इकडे."

मास्तरांनी शर्ट दिला. खाई त्याला खवखवे.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळा सुटल्यावर त्यांनी मुलांची तालीम घेतली. बोळे काढावेत असं त्यांच्या मनात दहादा आलं. पण काढून करणार काय? वर्षभर न फुंकलेला ओठ एका संध्याकाळीत तयार होत नाही. पुढच्या दिवशी सगळ्या शाळांच्या मास्तरांसमोर नमुन्याचा बँड फाटक्या सुरात वाजला असता. बाकीची दोन मुलं मागच्या ओळीत, ढोलांच्या आड बसवता येण्यासारखी होती. पिपाणी उंच होती. ती झाकली जात नव्हती. त्यांनी तिला वाद्यांच्या खोलीत बोलावलं.

"उद्या तू नाही आलीस तरी चालेल."

"माझं काही चुकलं का सर?"

"नाही, नाही. छोटा गट न्यायचा आहे."

"सगळेच तर येतायत."

"सांगितलं ना?"

"बरं सर." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "घरी काय सांगू?"

"सांग काहीतरी."

ती गेली. मास्तरांनी कपाट लावलं, उघडलं आणि उगाच पुन्हा लावलं.

तिसऱ्या दिवशी सभागृहात मुलं मांडून बसवली आणि मास्तरांनी मान वर केली, तर ओळीच्या टोकाला पिपाणी. मांडीवर ट्रंपेट. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. दाराशी तिचे वडील उभे होते. ते बसवर ड्रायव्हर होते. अंगावर खाकी कपडे, हातात टोपी. मास्तर नाइलाजाने त्यांच्याकडे गेले.

"पाळी बदलून घेतली सर," ते आनंदाने म्हणाले. "आज ही कुरकुर करत होती, पोट दुखतंय म्हणून. म्हटलं, ढाल मिळवणाऱ्या पोरी असं पोट दुखवून घेत नाहीत. चल गुपचूप."

मास्तर "बरं केलंत" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बँड वाजला. चांगलाच वाजला. टाळ्या झाल्या, ढोलमास्तरांनी तर शिट्टी घातली. मास्तरांना वाटलं, निभावलं. तेवढ्यात बाई ओळीच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"या मुलीची बोटं बघितलीत कोणी?" त्या सगळ्यांना म्हणाल्या. "मी पहिल्यापासून बघतेय. एक बटण चुकलं नाही, एक उशिरा पडलं नाही. अशी बोटं मोठ्या वादकांचीही नसतात. ये बाळ, पुढे ये. एकटी वाजव, सगळ्यांना बघू दे."

बोटं चांगली असणारच. तिला दुसरं काही करायला ठेवलं नव्हतं. वर्षभर तिने आपले सगळे कष्ट तिथेच ओतले होते.

पिपाणी पुढे आली. तिने मास्तरांकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती की राग नव्हता. नेहमीसारखी ती सांगण्याची वाट बघत होती. मास्तरांच्या जिभेवर तीन थापा तयार होत्या. तिला सर्दी झालीय. बटण अडकतंय. ती एकटी बुजते. पण एकही बाहेर पडेना, आणि खरंही बाहेर पडेना.

मग पिपाणीने, जसं शिकवलं होतं तसं, ट्रंपेट ओठांना लावलं, गाल फुगवले आणि सुरुवात केली.

आवाज नव्हता. बटणांची टकटक तेवढी ऐकू येत होती. ती थांबली नाही. सगळी धून ती बोटांनी वाजवत गेली, वळणं घेत, ठेक्यावर, एकही जागा न चुकवता. मागून कोणीतरी हसलं. दाराशी वडील पुढे झुकून ऐकायचा प्रयत्न करत होते. आपल्यालाच ऐकू येत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

मास्तर उठले.

"थांब, बाळ."

त्यांनी तिच्या हातातून ट्रंपेट घेतलं, नळी ओढून काढली, दोरा धरला आणि बोळा बाहेर खेचला. काळा पडला होता, ओला होता. तो लपवायला हात खिशाकडे जात होता, पण त्यांनी हात वरच ठेवला.

"हा मी घातलाय," ते म्हणाले. "हिचा यात काही दोष नाही. मागे आणखी दोघांच्या वाद्यांत आहेत. तेही मीच घातले. ढाल आली तेव्हा या तिघांची वाद्यं वाजत नव्हती."

ढोलमास्तर आपल्या बुटांकडे बघू लागले. आणखीही काही जण आपापल्या बुटांकडे बघत होते.

बाईंनी ट्रंपेट घेतलं, नळी परत लावली. मुलीला म्हणाल्या, "आता वाजव. जसं येईल तसं."

पिपाणीने ट्रंपेट हातात घेतलं आणि मान हलवली. "मला येत नाही," ती म्हणाली, आणि जाऊन आपल्या जागेवर बसली.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर बाहेर आले. वडील फाटकापाशी उभे होते, मुलगी थोडी लांब. मास्तरांना वाटलं होतं, माणूस ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"डेपोत सगळ्यांना चहा पाजला होता मी, ढालीचा," ते म्हणाले. मग मुलीकडे बघत, "हिला ठाऊक होतं?"

"होतं. घरी बोलू नकोस, असं मीच सांगितलं होतं."

"म्हणजे मी घरी येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर कौतुक सांगायचो, तेव्हा ही बाजूला उभी राहून ऐकून घ्यायची." त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "कच्ची आहे असं मला सांगायचंत सर. मी काय तुम्हाला खाल्लं असतं? आम्ही घरी बसवली असती तिला फुंकायला. शेजारी बोंबलले असते, एवढंच."

"चुकलं माझं."

"मला कशाला सांगताय?"

मास्तर मुलीकडे गेले. एवढ्या वर्षांत मुलांशी बोलताना त्यांना शब्द शोधावे लागले नव्हते.

"चुकलं माझं. उद्यापासून शाळा भरायच्या आधी येशील? मी शिकवतो."

पिपाणी बुटाच्या टोकाने खडा सरकवत होती. "त्या दोघांचे पण काढलेत?"

"काढले."

"त्यांनाही शिकवणार?"

"हो. तिघांनाही."

"बघते," ती म्हणाली. 'बरं सर' म्हणाली नाही.

मुख्याध्यापकांनी ढाल परत पाठवली. मास्तरांनी स्वतःच तसं सांगितलं होतं, तरी वाद्यांच्या खोलीत येऊन मुख्याध्यापक जे बोलले ते ऐकून घ्यावंच लागलं. बँडमधली बाकीची मुलंही धड बोलेनात. त्यांनी तर खरंच वाजवलं होतं, आणि त्यांची ढाल त्यांच्याच मास्तरांनी घालवली होती. त्यांनाही काय सांगणार?

ती दोन मुलं पहिल्याच सकाळी आली. पिपाणी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मास्तर दोघांना शिकवत आणि दाराकडे बघत. पुढच्या आठवड्यात एके दिवशी ती येऊन उभी राहिली. दप्तर खाली ठेवलं, ट्रंपेट घेतलं.

सूर फुटला. खिडकीची काच थरथरली.

"पुन्हा," मास्तर म्हणाले. ते तिच्यासमोर बुटक्या बाकावर बसले होते आणि त्यांची कंबर भरून आली होती. "ओठांचे कोपरे घट्ट. मधे सैल. पुन्हा."

पुन्हा फुटला. पुन्हा. तोंड लाल झालं. तिने ट्रंपेट खाली घेतलं.

"गेल्या वर्षी का नाही म्हणालात, पुन्हा?"

बाहेर मुलांचा गलका सुरू झाला होता. मास्तरांना स्पर्धा आठवली, कमी पडलेला वेळ आठवला, कारणं सगळी हाताशी होती.

"कंटाळा केला," ते म्हणाले.

पिपाणीने ते ऐकलं. बाहीने ओठ पुसले.

"मग आता करू नका," ती म्हणाली आणि ट्रंपेट उचललं.