लागलं, काकू!

जाधवकाका आमच्याकडे आले की बेल वाजवायच्या आधी दार ढकलून बघायचे. उघडलं तर आमची शाळा घ्यायचे, आणि नाही उघडलं तर खूश होऊन बेल दाबायचे. सिडकोतल्या आमच्या गल्लीत बंद दुकानाचं शटर असो की कुणाची उभी स्कूटर, काकांचा हात लागल्याशिवाय सुटायची नाही. सगळी नोकरी बँकेत हेड कॅशियर म्हणून, तिजोरी सांभाळण्यात गेलेली. "कुलूप डोळ्यानं बघायचं नसतंय पोरी," ते मला सांगायचे, "हातानं बघायचं!"

रिटायर झाल्यावर या माणसानं काय घ्यावं? चावी खिशात ठेवून लांब गेलं की आपोआप लॉक होणारी आणि जवळ आलं की आपोआप उघडणारी गाडी! अख्खी गल्ली बघायला जमली. काका थोडे लांब गेले, खट् आवाज झाला, आरसे मिटले, आम्ही टाळ्या वाजवल्या. काका तसेच मागे फिरले आणि दार ओढलं. उघडलं! पुन्हा गेले, पुन्हा आले, पुन्हा उघडलं.

"काका, चावी तुमच्याच खिशात आहे!" हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

"व्हय, कळतंय मला," ते वैतागले. "पण ओढल्याबिगर भरोसा कसा ठेवू?"

याचा सगळा ताप शोभाकाकूंना. वेरूळला जाऊन घृष्णेश्वराचं दर्शन जोडीनं घ्यायचं, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यभर धरलेली. नोकरीत ते राहून गेलं. आता गाडी आली तर काका तिच्यापासून हलेनात. वेरूळला जायचे, पण एक जण आत आणि एक जण गाडीपाशी.

एकदा मीही सोबत गेले. पार्किंगमध्ये काकांचं ओढणं सुरू झालं. "मी बसते गाडीत," म्हटलं, तर काकूंचे डोळेच भरून आले. "कुणी बसायचं नाय! देवाच्या दारात येऊन पहारा कशापायी?" मग पदरानं डोळे पुसून त्यांनी काकांना विचारलं, "अहो, बँकेतली तिजोरी एकट्यानं उघडत होता का?"

"छे! एक चावी माझ्याकडं, एक मॅनेजरकडं. दोघांबिगर हात लावायचा नाय."

"मग हितं एकटेच कशाला मरमर करताय? आणा ती चावी!"

चावी घेऊन काकू तरातरा फुलवाल्यांकडे निघाल्या. खट्! काकांनी दार ओढलं. हललं नाही. पाय रोवून, दोन्ही हातांनी ओढलं. नाहीच!

"लागलं गं शोभे! लई भारी लागलं!" साठी उलटलेला माणूस भर पार्किंगमध्ये नाचायचाच काय तो बाकी होता. फुलवाल्या बाया हसायला लागल्या. काकूंनी हार घेतला आणि दोघं जोडीनं आत गेली. मला तर इतका आनंद झाला की देवापुढे काय मागायचं तेच विसरले.

त्यानंतर गाडी कुठेही लावली की काकू चावी घेऊन पुढे जायच्या, काका ओढायचे आणि ओरडायचे. गल्लीला त्याची सवयच झाली.

मागच्या वर्षी काका गेले. गाडी विकतील असं सगळ्यांना वाटलं, तर काकूंनी चक्क ड्रायव्हिंग क्लास लावला! परवा त्यांनीच गाडी चालवत मला वेरूळला नेलं. गाडी लावली आणि चावी घेऊन त्या चालायला लागल्या. खट्! मी दार ओढलं.

"लागलं, काकू!"

काकू तिथूनच वळल्या. "एवढंच? ते काय म्हणायचे?"

मी दोन्ही हातांनी पुन्हा ओढलं आणि सगळी ताकद लावून ओरडले, "लई भारी लागलं!"

मग काकू हार घ्यायला गेल्या.