पसाभर कोंडा

मायाक्काला बोलायची सवय नव्हती. अक्कलकोटच्या पलीकडच्या, निम्मं कानडी बोलणाऱ्या खेड्यातली ही धनगराची सून. मेंढरांना हाळी द्यायची तेवढ्यापुरताच तिचा आवाज मोठा व्हायचा. पण १९३१ सालच्या फाल्गुनात, होटगीच्या रस्त्यानं सोलापुरात शिरताना ती सारखी पुटपुटत होती, "पोर इकायचंय. पसाभर कोंड्याला इकायचंय." सासूनं घोकून घेतलेलं वाक्य ऐन वेळी आठवलं नाही तर काय, ही तिला धास्ती. दोन्ही हातांत सूप, आणि सुपात चिंधीवर तापानं मलूल झालेलं तान्हं पोर.

पहिली दोन लेकरं तिनं अशाच तापात घालवली होती. तिसऱ्याचंही अंग तापायला लागलं, तसं सासूनं, अंबुबाईनं, तिला पालाबाहेर बोलावलं.

"सटवाईला ठावं झालंय, हे तुजं हाय म्हनून," ती हळू आवाजात म्हणाली. "तिला फसवाय पायजे. जिच्या घरातलं एक बी पोर गेलं न्हाय, अशीला इकून टाक. कोंडाच घे, दुसरं काय घेऊ नगंस. कोंड्याच्या मोलाचं पोर कुणाला पायजे? आन एकदा इकलं की 'माजं' म्हनायचं न्हाय. जन्मात न्हाय. शबुद तोंडातनं गेला की पोर गेलं."

"पर असली बाई हाय कुटं?"

"मिशनच्या बंगल्यातली मडम. तिची तिन्ही पोरं जिती हायत."

"ती गोरी हाय की, अत्ती."

"मग बरंच हाय. तिच्या दारात जायला सटवाईला भ्या वाटंल."

व्यवहार साधा होता. घेणारीनं पसाभर कोंडा द्यायचा, पोर उचलायचं आणि लगेच आईच्या ओटीत घालून म्हणायचं, "आमचं पोर तेवढं सांभाळ गं." मग आईनं ते परक्याचं म्हणून वाढवायचं. मायाक्काचा नवरा बिरदेव मेंढरं घेऊन सीना नदीकडं गेलेला, आणि सासूला होटगीच्या रस्त्यावरच्या पालातली कोकरं सोडून निघता येईना. म्हणून मायाक्का एकटीच आली होती.

वॉर्नर पाद्री आणि त्यांचं कुटुंब सोलापुरात येऊन वर्षही झालं नव्हतं. मडमबाई सकाळी व्हरांड्यात बसून गोरगरिबांना तापावर कोयनेल द्यायच्या. मराठी त्या एका शास्त्रीबुवांकडून शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांचं बोलणं पोथी वाचल्यासारखं वाटायचं.

मायाक्कानं सूप पायरीवर ठेवलं आणि डोळे मिटून वाक्य म्हणून टाकलं.

मडमबाईंनी ते दोनदा म्हणवून घेतलं. मग त्यांचा चेहरा उतरला. "तुला इतकी भूक लागली आहे काय?" त्यांनी आतून ज्वारीची पाटी मागवली. मायाक्का पाटी बघून दोन पावलं मागं सरली.

"जोंधळं नगं! कोंडा. कोंडाच पायजे."

शेवटी कोंबड्यांच्या डब्यातला कोंडा आला. मायाक्कानं तो पदरात घेतला, गाठ मारली आणि ओटी पसरून उभी राहिली. मडमबाईंनी सुपातलं पोर उचललं, छातीशी धरलं, आणि त्या घरात गेल्या. दार लागलं.

मायाक्का ओटी पसरून तशीच उभी.

आता येतील, मग येतील. गोऱ्या लोकांत ही रीत घरातल्या घरात करत असतील, देवापुढं वगैरे. ती पायरीखाली बसली. ऊन पायरीवरनं सरकून तिच्या अंगावर आलं. आतून पोराचं रडणं ऐकू आलं, थांबलं, पुन्हा आलं. दर वेळी ती उठायची आणि दाराकडं बघत पुन्हा बसायची. हाक मारावी तर काय म्हणून मारावी? 'माजं पोर द्या' एवढेच तर शब्द होते, आणि तेवढेच तिला बंद झाले होते.

दार उघडलं ते दुपारी. मडमबाई जिन्नस आणायला नोकराला बाजारात धाडत होत्या. पायरीखाली मायाक्काला बघून त्या चपापल्या.

"तू अजून येथेच? हे बालक तुझे आहे काय?"

मायाक्का झटकन उभी राहिली. "न्हाय," ती म्हणाली. "तुमचं हाय."

"तुला ते परत हवे आहे काय?"

हवं म्हटलं तर माझं म्हटल्यासारखंच की. तिनं पदराची गाठ मुठीत आवळली.

पाद्रीसाहेब बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर लागायचं. "ही मूल आपलं नाही म्हणते. मूल कोंड्याला विकणाऱ्या आईच्या हाती पुन्हा मूल देता येणार नाही. उद्याच्या गाडीनं ते आपल्या अनाथघरात जाईल. तिथं दूध आहे, डॉक्टर आहे."

बाईला ऐकू जावं म्हणून ते मराठीत बोलले होते; त्यातला गाडी हा शब्द मायाक्काला कळला.

तेवढ्यात आत पोर किंचाळलं, भुकेलं, कोरड्या घशाचं. मायाक्काची चोळी बघता बघता भिजली. तिनं लाजून पदर ओढला, पण कोंड्याच्या गाठीनं तो पुरा येईना. मडमबाईंची नजर तिथं गेली आणि तिथंच राहिली. तीन पोरांची आई होती ती.

त्या तशाच आत गेल्या आणि पोर घेऊन आल्या. पाठोपाठ आया गोजरबाई, बाटली हातात. ती ख्रिस्ती वस्तीतली, त्या घरात नव्यानंच लागलेली.

"मडम, बाटलीला तोंड लावीना वो हे. पितळंच्या चमच्यानं बी बगितलं." मग तिला सूप दिसलं, पदराची गाठ दिसली. "अगंबाई! कोंड्यावर घ्येतलंय व्हय तुमी ह्ये?"

"गोजरबाई, तुला ठाऊक आहे हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

गोजरबाईनं जीभ चावली. पाद्र्याच्या घरात सटवाईचं नाव कसं काढायचं? "आता काय सांगायचं सायेब. आडानी लोकांचं असतंय कायतरी. ज्यांची पोरं जगत न्हाईत ती असं लटकंच इकत्यात. परत न्यायलाच इकत्यात की वो! फकस्त माजं म्हनायचं न्हाय, म्हनलं की पोर मरतंय म्हनत्यात."

साहेबांचा आवाज मऊ झाला, पण अट काही सुटली नाही. "बाई, कोणी मरत नाही. देव ऐकतो, दुसरं कोणी ऐकत नाही. फक्त एकदा म्हण, हे मूल माझं आहे. आणि घेऊन जा."

"म्हन की गं," गोजरबाई तिच्या कानाशी कुजबुजली. "हळूच म्हन. एकदाच तर म्हनायचंय."

मायाक्कानं पोराकडं बघितलं. म्हटलं तर ते मरणार, नाही म्हटलं तर ते गाडीत बसणार. पहिली दोन तिनं दिवसभर माझं माझं करूनच घालवली होती. तिचे ओठ उघडले. मिटले. पुन्हा उघडले. पोर हात हवेत नाचवत तिच्या वासाकडं वळत होतं.

"म. मा..."

"नको!" मडमबाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की पायरीवरचा कावळा उडाला. "तिला विचारू नका. बालक माझे आहे. मी कोंडा दिला आहे."

"पण हे खोटं आहे," साहेब म्हणाले.

"असू द्या. ते खोटे माझ्या माथी."

त्या पायऱ्या उतरून खाली आल्या, धुळीत मायाक्कासमोर बसल्या आणि शास्त्रीबुवांनी कधीच न शिकवलेलं वाक्य जुळवू लागल्या. "हे माझे बालक. भुकेले आहे. तू... माझ्याकरिता ह्यास सांभाळशील काय?"

मायाक्कानं ओटी पसरली. पोर ओटीत पडलं न पडलं तोच तिनं त्याला पदराखाली घेतलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "सांभाळीन की. तुमचं हाय म्हनल्यावर."

निघताना मडमबाईंनी कोयनेलच्या पुड्या दिल्या, कसं द्यायचं ते पुन्हा पुन्हा सांगितलं, पाल कुठं आहे ते विचारून घेतलं. फाटकापर्यंत आल्या. मायाक्का दिसेनाशी झाली तरी त्या तिथंच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी होटगीच्या रस्त्यावर पालांपुढं टांगा थांबला. कुत्री भुंकत अंगावर गेली, अंबुबाईनं त्यांना दगड दाखवून हाकललं. मडमबाई टोपी हातात घेऊन, मेंढरांच्या लेंड्यांतून वाट काढत आल्या. रात्रभर झोप नसावी, डोळे तांबडे दिसत होते.

"माझे बालक कसे आहे?"

मायाक्कानं बोट केलं. "तुमीच बगा. ताप उतरला न्हाय आजून."

मडमबाईंनी पोराच्या कपाळावर हात ठेवला. उचलला, पुन्हा ठेवला. एवढ्या मोठ्या घरची, तीन जितीजागती पोरं असलेली बाई, आणि हिचा हात पोरावरनं निघत नाही. मायाक्का त्या हाताकडं बघत राहिली. काल ओरडून 'माझे' म्हणाली होती ती. त्या शब्दामागचं भ्या आता हिच्या वाट्याला आलं होतं.

तिनं घोंगड्यावरची कोकरं बाजूला सारली आणि थोडी सरकून बसली.

"बसा," ती म्हणाली. "दोगी मिळून बगू."

मडमबाई घोंगड्यावर बसल्या. टांगेवाला दोनदा हाक मारून गेला. फडका एकीनं भिजवायचा, दुसरीनं कपाळावर ठेवायचा, असं ऊन वर येईस्तोवर चाललं होतं.